पत कशी जोडावी, कशी राखावी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी कन्नड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून दरसाल आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो, वधूवरांच्या ओळखी करून देतो, आणि संतशिरोमणी नामदेवरायांचे स्मरण करून एका पंगतीस बसतो. हे सारे उचितच आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने एका काहीशा रूक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आहे. तो विषय म्हणजे पत. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. सारा जन्म कात्री आणि गज यांच्या संगतीत गेला. तथापि कापड बेतण्यापूर्वी माप नीट घ्यावे लागते, एवढे आपल्या धंद्याने आम्हांस शिकविले आहे, आणि आज आम्ही जे सांगणार आहोत ते त्याहून फारसे निराळे नाही.

या विषयास निमित्त झाले ते असे. गेल्या दिवाळीनंतर आपल्यातीलच एक तरुण आमच्याकडे आला. नाव सांगण्याचे कारण नाही. हाताला उत्तम कसब, सात वर्षे दुसऱ्याच्या दुकानात राबलेला, आणि आता स्वतःचे दुकान थाटण्याची उमेद. शाळांच्या गणवेशाचे काम मिळण्यासारखे होते. त्यासाठी एक ओव्हरलॉक मशीन आणि मोटरवर चालणारे एक शिलाई मशीन हवे होते. तो कर्जासाठी गेला तेव्हा त्यास सांगण्यात आले की, ‘तुमची कसलीच नोंद दिसत नाही.’ तो आम्हांस म्हणाला, “काका, मी आजवर कोणाचा एक पैसा बुडविला नाही, कारण कोणाकडून एक पैसा घेतलाच नाही. हा माझा गुन्हा झाला काय?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस धड देता आले नाही. पुष्कळ विचारपूस केल्यावर जे समजले, तेच आज आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपल्या भाषेत ‘ऐपत’ आणि ‘पत’ असे दोन शब्द आहेत. ऐपत म्हणजे आपल्यापाशी काय आहे; पत म्हणजे आपल्या शब्दावर दुसरा काय ठेवावयास तयार आहे. ऐपतदार मनुष्य पत नसलेला असू शकतो. वाडा असूनही ज्याला वाणी उधार देत नाही असा गृहस्थ प्रत्येक गावी असतोच. उलट, हातावर पोट असलेल्या मनुष्याची पत मोठी असू शकते. आमचे वडील भाड्याच्या खोलीत शिवीत बसत, पण कापडाच्या पेढीवर गेले तर मालक न विचारता ठाण पुढे करी. कारण बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते पैसे पोचते होतील, हे त्यास पक्के ठाऊक असे. ऐपत वारशाने मिळते. पत मात्र ज्याची त्याने जोडावी लागते.

कापडाच्या धंद्याची पत तर या महाराष्ट्रात फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेविली, असे त्यात कोरले आहे. ही ठेव त्याने राजाच्या खजिन्यात ठेविली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींपाशी ठेविली. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि त्यातून वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची, असा चोख हिशेब त्या दगडावर आहे. विचार करावा, बंधूंनो! राजाच्या जावयास कापड विणणाऱ्या हातांचा भरवसा वाटला. राज्ये येतात आणि जातात, पण हा कारागीरसंघ व्याज देत राहील, असे त्यास वाटले. पत म्हणतात ती हीच.

आणि दूर नाशिकपर्यंत तरी कशास जावे? आपल्या कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक यक्षमूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरले आहे की, ही कण्हदास नावाच्या सोनाराने केली. दोन हजार वर्षांमागे त्या कारागिराने आपल्या कामावर आपल्या नावाची नोंद स्वतः केली, म्हणून आज आपण त्यास ओळखतो. त्याच खोऱ्यात छिन्नी चालविणारे इतर शेकडो हात असतील. त्यांचे काम उरले, नाव उरले नाही. चांगले काम केले एवढ्याने भागत नाही, त्याची नोंदही राहावी लागते. आजच्या आमच्या बोलण्याचे अर्धे सार या गोष्टीत आहे.

उरलेले अर्धे सार असे की, ती नोंद कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते. आपले वाडवडील निजामाच्या अंमलाखाली राहिले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैद्राबाद संस्थानात होता, आणि येथे हाली शिक्क्याचे रुपये चालत. पीक बुडाले, लग्न निघाले, आजारपण आले, की सावकाराची पायरी चढणे हाच मार्ग असे. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१–५२ साली सबंध देशातील ग्रामीण कर्जाची पाहणी करविली. तिचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी जवळजवळ सत्तर रुपये सावकारांकडून आलेले होते. सहकारी संस्थांचे सुमारे तीन. आणि व्यापारी बँकांचा पुरता एकही नव्हता. म्हणजे ज्यास सावकार ओळखी त्याचीच पत, आणि तिची नोंद सावकाराच्या चोपडीत. ती चोपडी कुळास वाचता येत नसे आणि वाचता आली तरी दाखविली जात नसे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि चोपड्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. जो कागद आपल्याविषयी बोलतो, पण आपणांस वाचू दिला जात नाही, त्याचा मनुष्यास संताप येतो, तो असा.

आता आजची चोपडी पाहू. आज देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी पहिली २००० साली स्थापन झाली, म्हणून लोक या साऱ्या प्रकारास सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. २००५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. बँका, वित्तकंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था आपापल्या ऋणकोंची माहिती या कंपन्यांस कळवितात. किती कर्ज घेतले, हप्ता कोणत्या तारखेचा, तो किती दिवस चुकला, कर्ज फिटले की तडजोडीत मिटले, आणि कोणास जामीन आहात, हे सारे तेथे लिहिले जाते. यावरून ३०० ते ९०० यांमधला एक अंक काढतात, तो पतगुणांक. साधारणतः ७५० च्या वरचा अंक चांगला समजला जातो.

या नोंदीत काय नसते तेही ध्यानात घ्यावे. आपली जात तीत नसते. बचतखात्यातील शिल्लक नसते. कापडवाल्याची उधारी आपण तीस वर्षे वेळेवर फेडली, ते नसते. आपल्या भगिनी आपसांत भिशी चालवितात. पाऊस असो, सण असो, भिशीचा हप्ता चुकला असे सहसा घडत नाही. तेही तीत नसते. आपल्या समाजाची खरी पत आजवर याच ठिकाणी नांदली, आणि ती या नव्या चोपडीस दिसत नाही. त्या तरुणावर जे ओढवले ते यामुळे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. कोरी पाटी आणि डाग पडलेली पाटी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा अंक कमी नसतो. त्यास अंकच नसतो. केवळ पूर्वीची नोंद नाही एवढ्याच कारणावरून प्रथम कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असल्याचे केंद्र सरकारने २०२५ साली लोकसभेत स्पष्ट केले आहे. याचा अर्थ प्रत्येकास कर्ज मिळालेच पाहिजे असा नव्हे. बँक आपले उत्पन्न, आपला व्यवहार पाहीलच. पण ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर कोणी दिले तर मान खाली घालून परतू नये. नम्रपणे लेखी कारण मागावे.

आता शून्यापासून पत जोडावयाची ती कशी? आमच्या समजुतीप्रमाणे क्रम असा आहे.

पहिली पायरी खात्याची. धंद्यात येणारा पैसा बँकेच्या खात्यातून गेला पाहिजे. शिलाई रोखीने घ्यावी, गल्ल्यात टाकावी आणि गल्ल्यातूनच खर्चावी, या सवयीने आपली मिळकत कोणास दिसत नाही. फोनवरून पैसे घेण्याची सोय आता टपरीवालाही ठेवतो. एक वर्षाचे खातेपुस्तक हे मुक्या मनुष्याच्या वतीने बोलते. त्याबरोबर उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

दुसरी पायरी लहान कर्जाची. ज्यास कोणी ओळखत नाही त्याने आरंभी आपल्याच ठेवीवर कर्ज घ्यावे. दहा-पंधरा हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर थोडे कर्ज काढले, किंवा अशा ठेवीवर मिळणारे कार्ड घेतले, तर बँकेस धोका नसतो आणि आपली नोंद सुरू होते. मात्र ते कर्ज नोंद-कंपन्यांस कळविले जाते ना, हे आधी विचारून घ्यावे. न कळविले गेल्यास पत जोडण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही.

तिसरी पायरी कारागिरांच्या योजनांची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीच, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा धंदे आहेत आणि शिंपीकाम त्यांपैकी एक आहे. तारणावाचून प्रथम १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अठरा महिन्यांच्या मुदतीने मिळते. ते नीट फेडून खाते चांगले राखले व इतर अटी पाळल्या, तर पुढे २ लाखांपर्यंत तीस महिन्यांच्या मुदतीने. व्याज कारागिरास शेकडा ५, तेही वर्षाचे. पदपथावर बसणाऱ्या किंवा हातगाडीवाल्या बांधवांसाठी २०२० साली निघालेली स्वनिधी योजना आहे. तिचा पहिला हप्ता पूर्वी १०,००० होता, तो २०२५ साली १५,००० झाला. फेडल्यावर २५,००० आणि मग ५०,०००. दोन्ही योजनांची रचना पाहिली तर ध्यानात येईल की, त्या जिन्यासारख्या आहेत. पहिली पायरी नीट चढल्यावाचून दुसरी दिसत नाही. नोंदणी कोठे व केव्हा चालू आहे ते नगरपरिषदेत, ग्रामपंचायतीत किंवा सेवाकेंद्रात विचारावे.

येथे थोडा हिशेब मांडतो, कारण हिशेबावाचून उपदेश पोकळ असतो. शेकडा ५ सालाने १ लाख रुपये अठरा महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ५,७७८ रुपये पडतो, आणि अठरा महिन्यांत एकूण व्याज सुमारे ४,००० रुपये. तेच लाख रुपये शेकडा ५ महिन्याने खाजगी सावकाराकडून आणले, तर दरमहा ५,००० रुपये केवळ व्याजाचे. अठरा महिन्यांत ९०,००० रुपये देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे! हप्त्याची रक्कम पाहता दोहोंत फारसे अंतर नाही. एका वाटेने मनुष्य दीड वर्षात मोकळा होतो आणि वर पत घेऊन बाहेर पडतो; दुसऱ्या वाटेने तो होता तेथेच राहतो. पत नसणे किती महाग पडते, ते हा हिशेब सांगतो.

चौथी गोष्ट तारखेची. रकमेपेक्षा तारीख थोर. पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम भरू, असे म्हणणारा मनुष्य मनाने प्रामाणिक असतो, पण नोंद त्याचे मन पाहत नाही. ती दिवस मोजते. हप्त्याची रक्कम दोन दिवस आधी खात्यात असावी. आपला धंदा हंगामी आहे. लग्नसराई, शाळा उघडण्याचे दिवस आणि दिवाळी यांत हात भरतो, आणि मधल्या महिन्यांत मशीन झाकून ठेवावी लागते. म्हणून भरल्या महिन्यांतील शिलाईतून कोरड्या महिन्यांचे हप्ते आधीच बाजूस काढावे. ज्यांची शेती आहे त्यांनी पीककर्जाचेही हेच सूत्र पाळावे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळते; मुदत चुकली की ती जाते आणि नोंदीवर डागही पडतो. कर्जमाफ्या २००८, २०१७ आणि २०१९ साली झाल्या. त्यांनी अनेक गांजलेल्या कुटुंबांस आधार दिला, हे कोणी नाकारणार नाही. परंतु माफीच्या आशेवर थकविणे म्हणजे उद्याच्या पावसाच्या भरवशावर आज घागर फोडण्यासारखे आहे.

काही लहान गोष्टी सांगून टाकतो. कार्ड असेल तर त्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक वापरू नये, आणि बिल पुरते भरावे. ‘किमान रक्कम’ भरून राहिलेल्यावर दरमहा भारी व्याज चढते. एकाच महिन्यात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज करू नयेत; प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि हा मनुष्य अडचणीत आहे असा समज होतो. कर्ज फिटले की बेबाकी दाखला घ्यावा आणि जपून ठेवावा. थोडी रक्कम सोडून देऊन मिटविलेले कर्ज ‘तडजोडीने मिटले’ असे लिहिले जाते. ते पूर्ण फेडीच्या तोलाचे नसते. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपांपासून मुलांस सांभाळावे. मागे रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेली संस्था कोणती, हे कळल्यावाचून अंगठा ठेवू नये.

बंधूंनो, आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण ती न सांगता खाली बसलो तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका नातलगाने मालवाहू टेम्पोसाठी कर्ज काढले. जामीन हवा होता. नात्यातला मुलगा, दारी आलेला. नाही कसे म्हणावे? आम्ही सही केली. कागद वाचला नाही. सही म्हणजे ओळख सांगणे, अशी आमची समजूत! वर्षभराने टेम्पोचा धंदा बसला. हप्ते थकले. त्याने लाजेने आम्हांस सांगितले नाही, आणि आम्ही भिडेने विचारले नाही. पुढे आमच्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणास प्रवेश मिळाला, आणि शैक्षणिक कर्जासाठी आम्ही अर्ज केला, तेव्हा आमच्या नावापुढे ते थकलेले कर्ज उभे होते. ज्या मनुष्याने तीस वर्षांत कापडवाल्याचा एक रुपया ठेविला नाही, त्याची पत एका सहीने गेली होती. मुलीच्या आईने पाटल्या काढून दिल्या. त्या तारण ठेवून पहिल्या वर्षाची फी भरली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

दोष त्या बँकेचा नव्हता, आणि त्या मुलाचाही सर्वस्वी नव्हता. दोष आमचा होता. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या बरोबरीची असते. जामीन हा साक्षीदार नव्हे, तो दुसरा ऋणकोच होय. पुढे आम्ही आणि त्या मुलाने मिळून थकबाकी भरली, बेबाकी घेतली, आणि नोंद सुधारण्यास बराच काळ गेला. म्हणून सांगतो : जेवढी रक्कम आपण स्वतः फेडू शकू आणि फेडण्यास तयार असू, तेवढ्यालाच जामीन राहावे, आणि राहिलो तर दर तीन महिन्यांनी हप्ता भरला काय, हे न लाजता विचारावे. ज्ञातीत नाही म्हणणे कठीण आहे. पण आधी म्हटलेले ‘नाही’ नाते तोडीत नाही. मागून आलेली थकबाकी तोडते.

आमची ही फजिती दोन वर्षे आधी कळली असती, जर आम्ही आपली नोंद पाहिली असती. आजच्या चोपडीत आणि सावकाराच्या चोपडीत मोठा फरक हाच की, आजची चोपडी उघडून पाहण्याचा हक्क आपणांस आहे. चारही कंपन्यांनी प्रत्येकास वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चूक आढळली तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. आपण फेडलेले कर्ज चालू दिसणे, नावसाधर्म्याने दुसऱ्याचे कर्ज आपल्या माथी येणे, असे प्रकार घडतात. सुप्याच्या लोकांनी चोपड्या जाळल्या, कारण त्यांना त्या वाचता येत नव्हत्या. आपणांस वाचण्याचा हक्क असता आपण न वाचणे, यास काय म्हणावे?

भगिनींविषयी दोन शब्द. आपल्या पुष्कळ घरांत खरे शिवणकाम स्त्रियाच करतात. ब्लाऊज, फॉल-पिको, मुलींचे कपडे यांवर संसार चालतो. आणि खाते मात्र घरधन्याच्या नावे असते. त्याचे बरेवाईट झाले की त्या बाईची वीस वर्षांची मेहनत कोणत्याच कागदावर नसते. विश्वकर्मा योजनेत एका कुटुंबातून एकासच लाभ मिळतो. तेथे प्रत्यक्ष मशीनवर जी बसते तिचे नाव द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. नाबार्डने १९९२ साली बचतगटांस बँकांशी जोडण्याचा उपक्रम आरंभिला, त्यास आता तीन दशके उलटली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही त्या गटांची पाच सूत्रे. आपल्या भिशीत यांतील बहुतेक गुण आधीच आहेत; वाण आहे ती फक्त नोंदीची. भिशीचा गट झाला आणि गटाचे खाते झाले, म्हणजे तीच शिस्त बँकेस दिसू लागेल.

कोणी वडीलधारे विचारतील, की मुळात कर्ज काढावेच कशास? अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मशीनसाठी काढलेले कर्ज आणि मांडवासाठी काढलेले कर्ज यांत भेद करावा. मशीन आपला हप्ता आपणच कमावते. मांडव दुसऱ्या दिवशी सुटतो आणि हप्ता मात्र पाच वर्षे राहतो. लग्नासाठी शेकडा पाचाने पैसे आणणारे कुटुंब आपल्यात आहे, हे आपण सर्व जाणतो. साधेपणाने लग्न लावणाऱ्या दोन कुटुंबांचा जरी या व्यासपीठावर सत्कार झाला, तरी पत राखण्याचे ते मोठे काम ठरेल.

शेवटी मंडळास एक विनंती. मंडळाने स्वतः कर्जे वाटावीत असे आम्ही म्हणत नाही. नात्यात वसुली कठीण, आणि संस्था त्यातच बुडतात. जादा व्याजाच्या आशेने कोठेही ठेव ठेवण्यापूर्वीही विचार करावा. बँकेतील ठेवीस ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. मंडळाने एवढेच करावे : दर संमेलनास एक दुपार राखून ठेवावी. आपल्या शिकल्यासवरल्या मुलामुलींनी एका टेबलापाशी बसावे, आणि येईल त्या ज्ञातिबांधवास त्याचा स्वतःचा अहवाल काढून, वाचून, समजावून द्यावा. ज्याचा कागद त्याच्याच हाती. दुसऱ्याने पाहू नये, त्याची चर्चा पंगतीत होऊ नये. पिशोर, नागद, चिकलठाण, देवगाव येथून येणाऱ्या कुटुंबांस त्या एका दुपारीत पुष्कळ लाभ होईल.

त्या तरुणाचे काय झाले, हे आपण विचाराल. आईच्या भिशीचे पंधरा हजार त्याने बँकेत मुदतीने ठेविले, त्यांवर दहा हजारांचे कर्ज काढले, त्यातून हातमशीनला मोटर बसविली आणि दरमहा ठरल्या तारखेस हप्ता भरला. आज तो कर्जमुक्त आहे, त्यास अंक मिळाला आहे, आणि मोठ्या मशीनसाठी त्याचा अर्ज गेला आहे. तो मंजूर होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण परवा तो पुन्हा आला तेव्हा त्याने ‘हा माझा गुन्हा काय?’ असे विचारले नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून तो म्हणाला, “काका, हे पाहा, यात माझे नाव आहे.”

पितळखोऱ्याच्या त्या कारागिरास आपले नाव कोरून झाल्यावर जे वाटले असेल, ते त्या मुलाच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसले. आपल्या प्रत्येक घरातील कामकरी हातास असा एक स्वच्छ कागद लाभो, अशी पंढरीनाथाचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.